नागपुरात राहून स्पेनमधल्या घराचा कर कसा भरायचा

आमचं राहतं घर प्रतापनगरात. दुसरं, दोन खोल्यांचं, स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर आलिकांते प्रांतातल्या तोरेव्हिएखा गावात. जर्मनीत नोकरी करत असताना आम्ही दोघांनी मिळून ते घेतलं. पुढे सासूबाईंची तब्येत बिघडली आणि आम्ही सामान आवरून नागपूरला परतलो, पण ते घर विकवलं नाही. नवतपा लागायच्या आधी तिकडे जायचं आणि इथे पहिला पाऊस पडला की परत यायचं, असा आमचा दरवर्षीचा क्रम आहे.

पहिली तीन वर्षं आम्ही त्या घराचा एकच कर भरला. ज्या दलालामार्फत घर घेतलं त्याने सांगितलं होतं, "कर तुमच्या बँक खात्यातून आपोआप जाईल." तशी रक्कम जातही होती. ती नगरपालिकेची होती. देशाच्या सरकारचा वेगळा कर असतो आणि तो आपणच हिशेब करून भरायचा असतो, हे चौथ्या वर्षी कळलं, जिन्यात भेटलेल्या शेजारच्या बाईंनी सहज विचारलं तेव्हा: "तुमचं मोदेलो 210 कोण भरतं?" मोदेलो 210 म्हणजे त्याच कराचा फॉर्म. त्या रात्री आम्हा दोघांना झोप लागली नाही. रक्कम फार नव्हती. पण परक्या देशात आपण तीन वर्षं थकबाकीदार होतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता, हे मनाला फार लागलं.

गेल्या वर्षी मनीषनगरातल्या एका ओळखीच्या मुलाचा फोन आला. त्याच्या मोठ्या भावानं स्पेनमध्ये घेतलेलं घर वारसानं त्याच्याकडे आलंय. "ताई, मला तर कोणी काही सांगूनच नाही राहिलं," तो म्हणाला. हा लेख त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या प्रत्येकासाठी.

आधी हे डोक्यात पक्कं करा

नागपूरकराला मालमत्ता कर म्हटलं की मनपाची डिमांड नोट आठवते. झोन ऑफिस, इंडेक्स नंबर, थकलं की महिन्याला 2 टक्के शास्ती, आणि मधूनच निघणारी अभय योजना. बिल येतं, आपण भरतो. स्पेनमध्ये त्यासारखा कर आहेच. त्याचं नाव इबी, आणि तो नगरपालिकेचा असतो.

दुसऱ्या कराला मात्र आपल्याकडे थेट जोड नाही. तुम्ही स्पेनचे रहिवासी नसाल आणि तिथलं घर स्वतःच्या वापरासाठी ठेवलं असेल, तर तिथला कायदा असं धरतो की ते घर वापरायला मिळणं हेच एक उत्पन्न आहे. भाडं एक पैसाही येत नसलं, वर्षभर घराला कुलूप असलं, तरी हे मानीव उत्पन्न धरलं जातं आणि त्यावर आयकर लागतो. तो आखेन्सिया त्रिबुतारिया या राष्ट्रीय कर खात्याकडे जातो. लोक बोलताना त्याला आसिएंदा म्हणतात. याचं बिल कुणीही पाठवत नाही, आणि बहुतेक सगळे इथेच फसतात.

तिसरी गोष्ट आपल्या देशातली: भारतातल्या आयकर रिटर्नमध्ये त्या घराची माहिती देणं. त्यात बहुधा कर काहीच निघत नाही, पण चूक झाली तर सर्वांत मोठा दंड तिथेच आहे.

कागद गोळा करा

घराचं खरेदीखत, म्हणजे एस्क्रितुरा, हाताशी ठेवा. त्यानंतर तुमचा निए, म्हणजे परदेशी व्यक्तीचा ओळख क्रमांक. त्याच्या सुरुवातीला एक अक्षर, मग 7 अंक, शेवटी पुन्हा एक अक्षर. दाखला जुना झाला तरी क्रमांक आयुष्यभर तोच राहतो, त्यामुळे "निए संपला" असं कुणी म्हटलं तर घाबरू नका. वारसानं घर आलेल्यांकडे निए नसतोच. त्यांना तो मुंबईतल्या स्पेनच्या वाणिज्य दूतावासातून काढता येतो. त्यासाठी एक्स-15 नावाचा अर्ज आणि 790 क्रमांकाच्या फॉर्मवर भरलेलं शुल्क लागतं. वारसांनी आणखी एक लक्षात ठेवायचं: स्पेनचा वारसा कर वेगळा आहे आणि त्याची मुदत मृत्यूपासून 6 महिन्यांची असते.

आता नावाबद्दल. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात. आपलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी मांडणी तिथल्या कारकुनाला परकी वाटते. माझ्या निएच्या दाखल्यावर नवऱ्याचं नाव पहिलं आडनाव म्हणून बसलं. मी फॉर्ममध्ये पासपोर्टप्रमाणे नाव टाकलं की क्रमांक आणि नाव जुळत नाही असा निरोप येई. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. तेव्हा निएच्या दाखल्यावर नाव ज्या क्रमानं आहे, अगदी त्याच क्रमानं प्रत्येक स्पॅनिश फॉर्मवर लिहा, चुकीचं दिसलं तरी.

आणि इबीची ताजी पावती. पुढची सगळी आकडेमोड तिच्यावरच उभी आहे.

इबी

1 जानेवारीला घर ज्याच्या नावे, त्याच्यावर त्या पूर्ण वर्षाचा इबी. दर नगरपालिका ठरवते. कायद्यानं शहरी घरांसाठी साधारण 0.4 ते 1.1 टक्के या मर्यादेत, आणि तो लागतो घराच्या सरकारी मूल्यावर, ज्याला व्हालोर कातास्त्राल म्हणतात. हे मूल्य बाजारभावापेक्षा सहसा बरंच कमी असतं.

आलिकांते प्रांतात बहुतेक गावांसाठी ही वसुली सुमा नावाची प्रांतिक संस्था करते. इतर प्रांतांत थेट नगरपालिका किंवा त्यांची तशीच एखादी संस्था. भरण्याचा काळ गावागणिक वेगळा, म्हणून आपल्या गावाचा काळ एकदा पाहून कॅलेंडरवर लिहून टाका. सर्वांत सोपं म्हणजे स्पॅनिश खात्यातून थेट वजावट लावणं. खात्यात पैसे नसले आणि मुदत टळली तर आधी 5, मग 10, मग 20 टक्के अधिभार लागतो, आणि शेवटी खातं गोठवून वसुली होते. कचऱ्याचा कर अनेक ठिकाणी वेगळ्या पावतीनं येतो, तोही याच वजावटीत घाला.

सोसायटीचा मेंटेनन्स, ज्याला तिथे कोमुनिदाद म्हणतात, तो कर नाही. पण तो थकला तर विकताना अडतो.

मानीव उत्पन्नाचा हिशेब

इबीच्या पावतीवर तीन आकडे असतात: जमिनीचं मूल्य, बांधकामाचं मूल्य आणि दोन्हींची बेरीज. आपल्याला बेरीज हवी. त्याच पावतीवर 20 अक्षरांचा कातास्त्राल क्रमांकही असतो. घराची तिथली ओळख हीच.

त्या बेरजेचे 1.1 टक्के किंवा 2 टक्के म्हणजे तुमचं मानीव उत्पन्न. गावातल्या सगळ्या घरांचं सरसकट फेरमूल्यांकन गेल्या 10 वर्षांत लागू झालेलं असेल तर 1.1, नसेल तर 2. एखाद्या घरात बांधकाम वाढलं म्हणून त्याचं एकट्याचं मूल्य बदललं असेल तर ते यात धरत नाहीत. गावाचं शेवटचं फेरमूल्यांकन कधीचं, हे कातास्त्रो या जमीन नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर बघता येतं. दलालाच्या किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावर टक्का ठरवू नका. त्याचं घर दुसऱ्या नगरपालिकेत असेल तर त्याचा टक्काही वेगळा असू शकतो.

या उत्पन्नावर कर 24 टक्के. युरोपीय संघ, आइसलँड, नॉर्वे आणि लिक्टेनस्टाइनच्या रहिवाशांना 19. आम्ही जर्मनीत होतो तेव्हा 19 लागू होता, नागपूरला आलो त्यानंतरच्या वर्षांना 24. पासपोर्ट कोणता यावर हे ठरत नाही, तुम्ही कराच्या दृष्टीनं कुठे राहता यावर ठरतं.

समजा घराचं सरकारी मूल्य 48,000 युरो आहे आणि टक्का 1.1. उत्पन्न झालं 528 युरो. त्याचे 24 टक्के म्हणजे 126.72 युरो. युरो 100 रुपये धरला तर साधारण 12,700 रुपये. टक्का 2 असता तर हाच कर 230.40 युरो झाला असता. वर्षाच्या मध्ये घर घेतलं असेल तर जितके दिवस ते तुमच्या नावे होतं तितक्याच दिवसांचा हिशेब. खर्च मात्र काहीच वजा होत नाही: इबी नाही, वीज नाही, विमा नाही.

घर दोघांच्या नावे असेल तर फॉर्म दोघांनी वेगवेगळे भरायचे, आपापल्या हिश्श्याचे. वरच्या उदाहरणात प्रत्येकी 63.36 युरो. आणि खाली पार्किंगची जागा किंवा सामानाची खोली असेल, आणि तिला स्वतःचा कातास्त्राल क्रमांक असेल, तर तिचाही फॉर्म वेगळा. आमच्या पार्किंगचं मूल्य 5,000 युरो असल्याचं धरा: कर 13.20, म्हणजे प्रत्येकी 6.60 युरो. इतक्याशा रकमेसाठी कशाला, असं मनात येतं. पण फॉर्म भरला नाही तर तो राहिलेलाच दिसतो. असे आमचे दरवर्षी चार फॉर्म होतात.

मोदेलो 210 भरणं

घर फक्त स्वतःच्या वापरात असेल तर एका वर्षाचा कर पुढच्या पूर्ण कॅलेंडर वर्षात कधीही भरता येतो. म्हणजे 2024 चा कर 1 जानेवारी ते 31 डिसेंबर 2025 मध्ये. स्पॅनिश खात्यातून थेट वजावट हवी असेल तर 23 डिसेंबरपर्यंतच. आम्ही दरवर्षी संक्रांत झाली की एका रविवारी बसतो. डिसेंबरवर ढकललं की नाताळाच्या सुट्ट्या लागतात आणि मदत करायला कुणी सापडत नाही.

फॉर्म आखेन्सियाच्या संकेतस्थळावर आहे. डिजिटल सही नसली तरी चालतं: माहिती भरायची, पीडीएफ तयार होतो, त्यावर पैसे भरायचे. रकाने थोडेच आहेत, पण काही ठिकाणी नवखा माणूस हमखास अडतो. उत्पन्नाचा प्रकार विचारतात तिथे 02, म्हणजे शहरी घराचं मानीव उत्पन्न. 01 टाकलंत तर ते भाडं समजलं जाईल. कर लागू झाल्याची तारीख नेहमी त्या वर्षाची 31 डिसेंबर, तुम्ही फॉर्म कधीही भरत असलात तरी. राहण्याच्या देशातला कर क्रमांक विचारतात तिथे आपला पॅन. पत्ता नागपूरचा द्यायचा, स्पेनमधल्या घराचा नाही. घराचा पत्ता आणि कातास्त्राल क्रमांक यासाठी खाली वेगळी जागा आहे.

फोन करायचा झाला तर वेळेचं गणित ठेवा. स्पेन आपल्या मागे उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. तिथली सरकारी कार्यालयं मुख्यतः सकाळी 9 ते 2 चालतात, म्हणजे नागपुरात उन्हाळ्यात साडेबारा ते साडेपाच आणि हिवाळ्यात दीड ते साडेसहा.

स्पॅनिश येत नसेल तर खेस्तोर गाठा. आपल्याकडे कर सल्लागार आणि एजंट यांच्या मधला जो माणूस असतो, तसा तो. तो प्रत्येक फॉर्ममागे पैसे घेतो, आणि पार्किंगच्या 6.60 युरोच्या फॉर्मसाठी त्याचं शुल्क कराच्या कितीतरी पट होतं. माझं मत असं की पहिल्या वर्षी त्याच्याकडून करून घ्यावं, त्याने भरलेला फॉर्म नीट वाचावा, आणि पुढच्या वर्षापासून तोच समोर ठेवून स्वतः भरावा. वर्षभरात काही बदललं नसेल तर बहुतेक रकाने तेच राहतात.

घर काही महिने भाड्यानं दिलंत की हे सगळं बदलतं. ते दिवस मानीव उत्पन्नातून वजा होतात, भाड्याचा फॉर्म आणि मुदत वेगळी, आणि पर्यटकांना द्यायचं असेल तर नोंदणी आणि परवानगीही लागते. तिथे माणूस नेमल्याशिवाय त्यात पडू नका.

पैसे पाठवणं

थेट नागपूरच्या खात्यातूनही कर भरता येतो. फॉर्म भरताना परदेशी खात्यातून हस्तांतरणाचा पर्याय निवडला की खाते क्रमांक आणि एक ओळख क्रमांक मिळतो. रक्कम युरोमध्ये, तो ओळख क्रमांक शेऱ्यात जसाच्या तसा लिहून, दिलेल्या मुदतीत पाठवायची. पण यात एक अडचण आहे. पैसे जाताना मधली बँक आपलं शुल्क कापते आणि 63.36 ऐवजी 48 युरो पोचतात. असं झालं तर कर पूर्ण भरला गेला नाही असंच धरलं जातं. म्हणून शाखेत "सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडून" हा पर्याय लिहून मागा.

आम्हाला स्पॅनिश खात्यात पैसे ठेवणं सोयीचं वाटतं. इबी, कोमुनिदाद, वीज, पाणी आणि 210, सगळं एकाच ठिकाणाहून जातं. मात्र तिथली बँक अधूनमधून अनिवासी असल्याचा पुरावा मागते. तो दिला नाही तर खातं अडकतं, आणि मग वजावटी परत जातात. बँकेचं पत्र आलं की लगेच उत्तर द्या.

इथून पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची एलआरएस योजना आहे. एका आर्थिक वर्षात प्रत्येक निवासी व्यक्तीला 2,50,000 डॉलरपर्यंत. ए2 फॉर्म आणि पॅन लागतो. गल्लीतल्या शाखेत हे काम बहुधा होत नाही. सिव्हिल लाईन्स किंवा किंग्जवेकडच्या मोठ्या शाखेतलं फॉरेक्सचं टेबल गाठा, किंवा तुमची बँक नेटबँकिंगवर हे देते का ते पाहा. फॉर्ममध्ये कारणाचा कोड असतो. तो अंदाजानं टाकू नका, कराची पावती दाखवून तिथल्या अधिकाऱ्यालाच विचारा.

एप्रिल 2025 पासून वर्षाला 10 लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो आयकर, नाही. 10 लाखांच्या वरच्या रकमेवर अशा कारणासाठी 20 टक्के कापला जातो. नुसत्या करासाठी आणि देखभालीसाठी इतकी रक्कम लागत नाही. पण ही मर्यादा घराची एकट्याची नाही, एलआरएसखाली त्या पॅनवरून वर्षभरात बाहेर गेलेल्या सगळ्या पैशांची मिळून आहे. मुलांचं शिक्षण, सहली, सगळं धरून. कापलेला टीसीएस रिटर्नमध्ये परत मिळतो.

ऑगस्ट 2022 पासून आणखी एक नियम आहे: एलआरएसखाली पाठवलेले आणि न वापरलेले पैसे 180 दिवसांत परत आणायचे. म्हणून दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम तिकडे पाडून ठेवू नका. आम्ही वर्षातून दोनदा, लागतील तेवढेच पाठवतो.

भारतातलं रिटर्न

इथे सर्वांत जास्त लक्ष द्या, असं मी कळकळीनं सांगते. स्पेनच्या करात चूक झाली तर काही युरोंचा अधिभार लागेल. इथे चूक झाली तर 10 लाखांचा दंड होऊ शकतो.

आधी घर ठेवणं कायद्यात बसतं का? परदेशात राहत असताना घेतलेलं घर किंवा परदेशात राहणाऱ्या व्यक्तीकडून वारसानं आलेलं घर भारतात परतल्यावरही ठेवता येतं. फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या कलम 6(4) मध्ये ते स्पष्ट आहे. इथे राहून एलआरएसमधून पैसे पाठवून घेतलेलं घरही चालतं. तेव्हा मन शांत ठेवा, लपवण्यासारखं काही नाही. आणि लपवण्यासारखं काही नाही, म्हणून सगळं लिहूनच द्या.

परदेशातून परतल्यावर पहिली दोन-तीन वर्षं अनेकांचा दर्जा "निवासी पण सामान्य निवासी नाही" असा असतो. तोवर परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागत नाही. एकदा सामान्य निवासी झालात की दरवर्षी भरायचा. त्यासाठी आयटीआर-1 चालत नाही. पगार आणि व्याज इतकंच उत्पन्न असलं तरी आयटीआर-2 घ्यावा लागतो. आणि उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असलं तरी रिटर्न भरावंच लागतं. घर नवरा-बायकोच्या नावे असेल आणि बायकोला इथे काही उत्पन्न नसेल, तरी तिचंही रिटर्न हवं. आपल्याकडे अनेक घरांत बायकोचं नाव कागदावर प्रेमानं घातलेलं असतं, आणि तिच्या रिटर्नचा विचार कुणाच्या मनात येत नाही.

विदेशी मालमत्तेचा तक्ता आर्थिक वर्षाप्रमाणे चालत नाही, 31 डिसेंबरला संपणाऱ्या कॅलेंडर वर्षाप्रमाणे चालतो. 2024-25 च्या रिटर्नमध्ये 2024 या कॅलेंडर वर्षाची माहिती गेली. स्थावर मालमत्तेच्या रकान्यात देश, पत्ता, तुमचा मालकीचा प्रकार, घेतल्याची तारीख, गुंतवलेली रक्कम आणि मिळालेलं उत्पन्न येतं. रुपयांतली किंमत काढायला स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर, म्हणजे बँक परकीय चलन ज्या दरानं विकत घेते तो, धरतात. स्पॅनिश बँक खातं वेगळ्या रकान्यात येतं, वर्षातल्या सर्वांत जास्त शिलकीसह. घर लिहिलं आणि खातं विसरलं, असं पुष्कळांचं होतं. पण खात्याची माहिती दोन्ही देशांमधल्या आपोआप देवाणघेवाणीतून आयकर खात्याकडे पोचतच असते. नोव्हेंबर 2024 मध्ये आयकर खात्यानं अशाच माहितीवरून करदात्यांना संदेश पाठवले होते.

एका ओळखीच्या कर सल्लागारानं मला म्हटलं होतं, "मॅडम, उत्पन्नच नाही तर दाखवायचं कशाला?" हा गैरसमज फार पसरलेला आहे. तक्ता उत्पन्नाचा नाही, मालकीचा आहे. 2015 च्या काळा पैसा कायद्यात माहिती न दिल्याबद्दल 10 लाख रुपये दंडाची तरतूद आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून 20 लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला त्यातून सूट मिळाली, पण ती बँक खाती, शेअर वगैरेंना. घर, जमीन यांना ती सूट नाही. ही शेवटची ओळ पुन्हा वाचा.

आता सगळे विचारतात तो प्रश्न: स्पेनमध्ये भरलेला कर इथे वजा मिळतो का? बहुतेकांना मिळत नाही, आणि त्यात अन्याय नाही. भारतात दोन घरं स्वतःच्या वापरातली म्हणून दाखवता येतात आणि दोन्हींचं उत्पन्न शून्य धरलं जातं. प्रतापनगरचं एक, तोरेव्हिएखाचं दुसरं. म्हणजे इथे त्या घरावर करच लागला नाही. भारत आणि स्पेन यांच्यातला करार एकाच उत्पन्नावर दोनदा कर लागू नये म्हणून आहे. इथे तो एकदाच लागला आहे, स्पेनमध्ये.

चित्र बदलतं ते तिसरं घर असेल तेव्हा. समजा नागपुरात राहतं घर आहे, वर्ध्याला वडिलांचं रिकामं घर तुमच्या नावे आहे, आणि स्पेनमधलं तिसरं. मग तिघांपैकी एक भाड्यानं दिल्यासारखं धरून त्यावर इथे उत्पन्न मोजलं जातं. ते स्पेनमधलं निवडलं असेल तर तिथल्या कराची सवलत मागता येते. त्यासाठी विदेशी कराचा वेगळा फॉर्म लागतो (जुना क्रमांक 67) आणि मोदेलो 210 ची भरल्याची पावती जोडावी लागते. कोणती दोन घरं स्वतःची म्हणून दाखवायची हे तुम्ही ठरवू शकता, तेव्हा दोन्हीकडून हिशेब करून बघा. आयकर कायदा 2025 हा 1 एप्रिल 2026 पासून लागू झाल्यानं कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. धंतोलीत किंवा जिथे कुठे तुमचे सीए बसतात, त्यांना भेटायला जाताना जुना क्रमांक पाठ करून जाऊ नका, नव्या रिटर्नचा नमुना उघडून बसा.

आधीची वर्षं राहिली असतील तर

थांबू नका. आसिएंदाचं पत्र येण्याआधी स्वतःहून भरलंत तर अधिभार सौम्य आहे: सुरुवातीला 1 टक्का, उशिराच्या प्रत्येक पूर्ण महिन्यामागे आणखी 1 टक्का, आणि 12 महिने उलटले की 15 टक्के, शिवाय त्यापुढच्या काळाचं व्याज. अधिभाराची नोटीस आल्यावर मुदतीत भरला तर त्यातही 25 टक्के सूट. पत्र आधी आलं, तर मात्र अधिभार जाऊन दंड येतो आणि तो किमान कराच्या निम्मा असतो.

मागे किती जायचं? भरण्याची मुदत संपल्यापासून 4 वर्षं खातं मागणी करू शकतं. 2021 चा कर भरायची मुदत 31 डिसेंबर 2022 ला संपली, म्हणजे 2026 अखेरपर्यंत तो मागता येतो. आम्ही राहिलेल्या तिन्ही वर्षांचे फॉर्म एका आठवड्यात भरले, प्रत्येक वर्षाचा वेगळा. अधिभाराची पत्रं काही महिन्यांनी आली आणि तेही भरून टाकले.

पत्रं कुठे जातात ते बघा

ती पत्रं आम्हाला मिळाली हेही नशीबच, कारण खात्याच्या नोंदीत आमचा पत्ता तिथल्या घराचाच होता आणि तेव्हा आम्ही तिथे होतो. दहा-अकरा महिने बंद असलेल्या घराच्या पेटीत सरकारी पत्र पडून राहतं. ते परत गेलं तर खातं तीच सूचना स्पेनच्या राजपत्रात छापतं, आणि ठराविक दिवसांनी ती तुम्हाला मिळाली असं कायद्यानं धरलं जातं. मोदेलो 030 भरून नोंदीतला पत्ता नागपूरचा करून घ्या. सुमासारख्या वसुली संस्थेकडे पत्ता वेगळा नोंदवावा लागतो, तो आपोआप बदलत नाही. आमच्या पेटीची एक किल्ली त्याच शेजारच्या बाईंकडे आहे. त्या महिन्यातून एकदा पेटी उघडतात आणि पाकिटांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात. आम्ही जाताना त्यांच्यासाठी संत्रा बर्फी नेतो.

मोदेलो 210 च्या भरलेल्या पावत्या आम्ही कागदावर छापून एका फाइलमध्ये ठेवतो, वर्षाप्रमाणे. कधीतरी घर विकायची वेळ येईल, तेव्हा विकत घेणारा किमतीतले 3 टक्के कापून आसिएंदाकडे भरेल, कारण विकणारा स्पेनमध्ये राहत नाही. तो पैसा नफ्यावरच्या करात वळता होतो आणि जास्तीचा परत मागता येतो. परताव्याचा अर्ज आला की खातं आधी जुने 210 तपासतं आणि राहिलेली वर्षं असतील तर ती वसूल करूनच उरलेले पैसे सोडतं. पावत्या वर्षाप्रमाणे लावलेल्या असल्या की त्या पत्राला त्याच दिवशी उत्तर देता येतं.